पातेल्याच्या मध्यावर 31 अंश

एका मोठ्या कँटीनमध्ये दुपारी जेवलेल्या बऱ्याच जणांची रात्री पोटं बिघडली होती. अन्नातून झालेल्या विषबाधांची तपासणी करणं हे माझं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे पोहोचले, तर गुन्हेगार आधीच ठरला होता. कापलेल्या हॅमचं एक उघडं पाकीट टेबलावर मांडून ठेवलं होतं आणि त्यावरची तारीख जवळ आलेली होती. शेजारीच मांसाचा रस्सा होता, पण त्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता. तो जेवणाच्या आदल्या संध्याकाळी ताजा शिजवलेला होता, वासही उत्तम होता.

अशा वेळी मी आधी वेळा विचारते. किती वाजता जेवलात, किती वाजता दुखायला लागलं? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर सारखं निघालं. जेवण दुपारी, पोटात मुरडा मध्यरात्रीच्या आसपास, मग जुलाब. ताप कुणाला नाही, उलट्याही जवळपास नाहीत. स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विष असतं तर काही तासांतच उलट्या सुरू झाल्या असत्या. जेवणानंतर 6 ते 24 तासांनी मुरडा आणि जुलाब, ही क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सची रीत आहे, आणि हा जंतू बहुतेक वेळा मोठ्या भांड्यात शिजवलेल्या मांसातच सापडतो.

मुख्य आचारी मनापासून दुखावले होते. म्हणाले, "मॅडम, चांगलं खळखळून उकळलंय. त्यात काय जिवंत राहणार?"

त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. उकळल्यावर जंतू मरतात, पण या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची झोपलेली रूपं, मरत नाहीत. उलट त्या उष्णतेनं ते जागे होतात. मग रस्सा हळूहळू निवत जातो, त्यातला प्राणवायू उकळताना निघून गेलेला असतो, स्पर्धा करणारे बाकीचे जंतू मेलेले असतात. 43 ते 47 अंश सेल्सियसला परफ्रिंजन्स साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगानं तीन-साडेतीन तासांत एकाचे दहा लाख होतात.

फ्रीजमध्ये तसंच आणखी एक पातेलं होतं, आदल्या संध्याकाळी शिजवून रात्री झाकण लावून ठेवलेलं. आचारी म्हणाले, "हात लावून बघा, गार आहे." बाहेरून ते खरंच थंडगार होतं. मी थर्मामीटरची सळई रश्श्याच्या मध्यापर्यंत खाली सोडली. आकडा 31 अंशांवर थांबला. अख्खी रात्र फ्रीजमध्ये काढूनही मध्यभाग कोमटच होता. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. पुढचं फार समजावावं लागलं नाही.

शिजवलेलं मांस 60 अंशांवरून 21 वर दोन तासांत आणि तिथून 5 वर पुढच्या चार तासांत यायला हवं. त्यासाठी रस्सा पसरट ट्रेमध्ये जेमतेम 5 सेंटिमीटर उंचीचा ओतायचा, नाहीतर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहायचं. 'शिजवलेलं मांस फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं' हे खरं आहे, पण असं वेळेत गार केलेल्या मांसापुरतंच. दुपारी वाढण्याआधी रस्सा नुसता कोमट केला होता. मध्यापर्यंत 74 अंशांवर नेला असता, तर वाढलेले जंतू मेले असते आणि बहुधा मला कुणी बोलावलंच नसतं.

मी आवराआवर करत असताना हिशेब बघणारी मुलगी हळूच जवळ आली. तिला काहीच झालं नव्हतं. "मॅडम, मी रस्सा नाही घेतला, फक्त हॅम खाल्लं. पाचवा महिना चालू आहे. मला काही होणार नाही ना?"

त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त काळजी तिची वाटली. कापून पॅक केलेल्या मांसात भीती असते लिस्टेरियाची. हा जंतू फ्रीजमध्येही हळूहळू वाढत राहतो, वासानं कळत नाही, आणि लक्षणं दिसायला कधीकधी 70 दिवसही लागतात. आईला नुसती कणकण येते, पण बाळ दगावू शकतं. 2017-18 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी नावाच्या तयार मांसातून याची साथ पसरली. हजाराहून जास्त रुग्ण झाले, दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यांत नवजात बाळं फार होती.

पाकिटावरची तारीख न उघडलेल्या पाकिटाची असते. एकदा उघडलं की 4 अंशांखाली तीन ते पाच दिवस, बस्स. हे पाकीट कधी उघडलं, ते कुणालाच सांगता येईना. तिला म्हटलं, "आत्ता घाबरू नकोस. पण पुढचे दोन महिने ताप आला, अंग दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि हे खाल्ल्याचं सांग. आणि बाळ होईपर्यंत असं मांस वाफा येईपर्यंत गरम केल्याशिवाय खाऊ नकोस."

प्रयोगशाळेचा अहवाल आला. रश्श्यात दर ग्रॅमला एक लाखाहून जास्त परफ्रिंजन्स होते. हॅमच्या नमुन्यात लिस्टेरिया नव्हता. मी आधी तिला फोन केला, मग आचाऱ्यांना.

त्यांनी तोवर ट्रे आणले होते आणि प्रत्येक डब्यावर तारीख लिहायला सुरुवात केली होती. त्यांचा एकच प्रश्न उरला होता. पुन्हा गरम केलं की दिवस नव्यानं मोजायचे का? मी सांगितलं, नाही, शिजवल्या दिवसापासूनच मोजायचे. फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. म्हणून तिसऱ्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवलेलं मांस फ्रीजमध्ये वितळवलं, की त्याच्या हाती एखादाच दिवस उरतो.