चिकोडी ते नृसिंहवाडी पायी: मलिकवाडच्या पाणंदीत शिरू नका

दत्तजयंतीसाठी चिकोडीहून नृसिंहवाडीला पायी जायचे ठरले, तेव्हा वाट सांगणाऱ्या सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत होते: रस्ता सपाट आहे, घाट नाही, चढ नाही, डोळे मिटून चाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि तरीही आमची पुरती फसगत झाली, कारण दूधगंगा आणि पंचगंगा जिथे कृष्णेला मिळतात त्या मुलखात जमीन सपाट आहे याचा अर्थ साचलेल्या पाण्याला जायला वाट नाही, हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते.

आम्ही चौघे होतो: मी, धाकटे काका, वहिनी आणि कॉलेजात जाणारा भाचा. एकूण अंतर सुमारे ४० किलोमीटर असून ते दोन दिवसांत आरामात होते. ज्यांना सलग पाच तास चालायची सवय नाही त्यांनी सरळ बस धरावी, त्यांच्यासाठी हा मजकूर नाही. चिकोडी ते सदलगा या पहिल्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून चहा. सदलगा हे दिगंबर जैन आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव (१९४६), त्यामुळे पायी चालणाऱ्यांचे तिथे कोणालाच नवल वाटत नाही. देवळाच्या सभामंडपात अंथरूण टाकायला परवानगी लगेच मिळाली आणि झोपही उत्तम लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मलिकवाडच्या बाजूला निघालो. इथून दूधगंगेवरचा मलिकवाड-दत्तवाड बंधारा ओलांडला की कर्नाटक संपते आणि महाराष्ट्रातला शिरोळ तालुका लागतो. चहाच्या गाड्यावर भेटलेल्या एका गृहस्थांनी आस्थेने सांगितले की, रस्ता सोडून उजवीकडच्या पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने, शिरलात तर थेट नदीकाठी निघाल आणि दोन किलोमीटर वाचतील. पावसाळा संपून दोन महिने झाले होते, त्यामुळे चिखलाची शंका मनात येण्याचे कारण नव्हते. इथेच आमचा हिशेब चुकला.

या भागातले बंधारे कोल्हापूर पद्धतीचे आहेत, म्हणजे पावसाळ्यात त्यांच्या दारांतून पाणी मोकळे वाहते आणि पाऊस ओसरल्यावर दारांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून ते अडवले जाते. बरगे पडले की पाणी मागे फुगते, नदीला मिळणारे ओढे तुंबतात आणि त्याच सुमारास उसाला पाटाने पाणी सोडणेही सुरू होते. त्यामुळे सखल भागातल्या पाणंदी ऐन श्रावणापेक्षा मार्गशीर्षात अधिक ओल्या असू शकतात. वरवर पाहता जमीन वाळलेली दिसते, पायाखाली मात्र काळ्या मातीचा नुसता लगदा असतो.

पहिली दोनशे पावले ठीक गेली. मग दोन्ही बाजूंचा ऊस संपला आणि पडीक, पांढरट रान लागले. वर्षानुवर्षे उसाला बेसुमार पाणी दिल्याने आणि निचरा नसल्याने इथली बरीच जमीन पाणथळ व क्षारपड झाली आहे. खालचे पाणी केशाकर्षणाने वर येते, उन्हात उडून जाते आणि मीठ तेवढे मागे राहते. त्या पांढऱ्या पापुद्र्यावर भाच्याने पाय ठेवला तो सायीवर ठेवल्यासारखा खाली गेला. पुढे लव्हाळा आणि पाणकणीस, त्यात बगळे, आणि पाणंदीची चाकोरी म्हणून जे काही होते ते गुडघाभर पाण्याखाली. अर्धा किलोमीटर चालायला आम्हाला सव्वा तास लागला. माझ्या डाव्या सँडलचा पट्टा तुटला आणि ओढून काढायच्या नादात ती चिखलात खोल गेली. कोपरापर्यंत हात घालूनही सापडली नाही. वहिनी मागून शांतपणे म्हणाल्या, “भावजी, दोन किलोमीटर वाचले ना?” त्यांना उत्तर द्यायची माझी प्राज्ञा नव्हती.

पलीकडच्या बांधावर वैरण कापणारे एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी हाक दिली, “पुढं जाऊ नकासा, वगळ तुंबलाय, कमरंएवढं पाणी हाय.” वगळ म्हणजे ओढा. आम्ही आलो त्याच चिखलातून परत फिरलो. वाचवायला गेलो दोन किलोमीटर आणि घालवले जवळजवळ तीन तास.

खरा त्रास नंतर झाला. चिखल वाळला तसा पायांवर मिठाचा थर धरला, बोटांच्या बेचक्यांतली कातडी फुटली आणि पुढच्या प्रत्येक पावलाला चरचरू लागले. चुकून अशा पाण्यात पाय गेलाच, तर वाळू न देता लगेच गोड्या पाण्याने धुवा आणि खोबरेल तेल चोपडा. हे गोडे पाणी बरोबरच न्यावे लागते, कारण या पट्ट्यातल्या बऱ्याच कूपनलिकांना मचूळ पाणी लागते. माणशी तीन लिटर हे मला किमान वाटते. सँडल अजिबात नकोत, घोट्यापर्यंतचे बूट हवेत आणि पिशवीत एक कोरडी जोडी हवी. काठी घ्या, आणि पाय टाकण्याआधी ती टाका.

माझे स्पष्ट मत असे की, नकाशात किंवा कोणाच्या सांगण्यात कितीही जवळची दिसो, पाणंद धरूच नये. बंधाऱ्यापर्यंत गाडीरस्त्यानेच जावे. रस्त्याची आणि बंधाऱ्याची चौकशी करायचीच असेल तर ती चहाच्या गाड्यावर न करता पहाटे दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्याकडे करावी, कारण तो रोज त्या वाटेने जातो आणि अडकला तर त्याचे दूध नासते. आषाढ-श्रावणात नदीला पूर आला की हा बंधारा पाण्याखाली जातो, त्या दिवसांत या बाजूने येण्याचा विचारही करू नये. गाडीरस्त्यावर धोका दुसराच आहे. गळिताचा हंगाम असल्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारातही धावत असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच याची खात्री नाही. उजडल्याशिवाय निघू नका, आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने चाला.

बंधारा ओलांडून दत्तवाडला पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. वाडी अजून चौदा-पंधरा किलोमीटर होती आणि माझ्या एका पायात काकांची रबरी चप्पल होती. आमची अवस्था पाहून एका टेम्पोवाल्याने माणशी २०० रुपये मागितले. इतक्या अंतराला, तेही फळ्यांवर बसून, हा दर म्हणजे निव्वळ लूट आहे. काका त्याला म्हणाले, “दत्ताच्या वाटेवर तरी खरं बोला की हो!” तो १५० वर आला. आम्ही दिले नाहीत, आणि या एका निर्णयाचा मला संपूर्ण प्रवासात सर्वांत जास्त अभिमान वाटतो, जरी हेरवाडपर्यंत तो निर्णय मूर्खपणाचा आहे असे प्रत्येकाला निदान एकदा वाटून गेले. ज्यांना वाहन हवेच आहे त्यांनी गावातल्या थांब्यावर एसटीची वाट पाहावी.

कुरुंदवाड मागे टाकून पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा ऊन उतरले होते. दत्तजन्म सायंकाळी होतो, त्यामुळे उशीर होऊनही आम्ही चुकलो नाही, एवढी त्या तीन तासांतून सुटका झाली. घाटाच्या पायऱ्यांवर बसून कृष्णेत पाय सोडले तेव्हा पायांची आग थांबली, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मी चहाच्या गाड्यावरच्या त्या गृहस्थांनाही माफ केले होते. याच घाटावर पावसाळ्यात पाणी चढत चढत गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते; त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला लोक लांबून येतात. आम्ही आलो ती वाट तेव्हा कुठे असेल याची कल्पना भाच्याने बोलून दाखवली आणि वहिनींनी त्याला गप्प केले.

जयंतीला गर्दी अफाट असते. खोली आधी ठरवली नसेल तर मुक्कामाचा हट्ट न धरता दर्शन घेऊन रात्रीच जयसिंगपूर गाठावे, तिथून मिरजेकडे किंवा कोल्हापूरकडे गाडी मिळते. बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्यायचीच असेल तर देवळाला अगदी लागून असलेल्या दुकानांपेक्षा चार पावले मागे या. तिथे चव तीच आहे आणि चपलांच्या राखणीच्या नावाखाली खरेदीचा आग्रहही होत नाही. माझ्यापुरता तर तो प्रश्नच नव्हता, राखायला एकच सँडल उरली होती.