चिऱ्यावरचा दिवा: मजल १८ मिनिटांवर

फोंड्यातल्या आमच्या घराच्या पडवीत वाशाला कप्पी, दोरीला तासून घेतलेला १५ किलोचा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा. तो सावकाश उतरतो, दातेरी चाकांमधून जुन्या प्रिंटरची डीसी मोटर फिरवतो आणि पांढरा एलईडी पेटतो. आता तो १८ मिनिटं तेवतो.

चिरा जमिनीपासून १.९ मीटरवर टांगलेला, ०.४ मीटर उंच बाकावर टेकतो. उतार १.५ मीटर. पुस्तकात g (गुरुत्व त्वरण) ९.८ असतो, गोव्याच्या अक्षांशावर तो ९.७८ च्या आसपास. उतरताना मिळणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान × g × उतार: १५ × ९.७८ × १.५ = २२० जूल.

नववीतल्या भाचीने विचारलं, "मामा, उंची जमिनीपासून का नाही धरायची?"

"धर की," म्हटलं. तिने मांडलं: वर २७८.७, खाली ५८.७, फरक २२०. मग ८ मीटर खोल विहिरीच्या तळापासून: १४५२.३ आणि १२३२.३. फरक पुन्हा २२०! शून्य कुठेही ठेवा, दिव्याला मिळतो तो फरकच. हे तिला स्वतःच्या आकडेमोडीतून दिसलं, याचा मला फार आनंद आहे.

पाडेल्याने (नारळ पाडणाऱ्याने) १५ मीटर उंच माडावरून खाली सोडलेल्या दीड किलोच्या असोल्या नारळातही तेवढेच २२० जूल. हवेचा विरोध सोडला तर तो ताशी ६० किलोमीटरच्या वर वेगाने आदळतो. आमचा चिरा सेकंदाला जेमतेम १.४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे गतिज ऊर्जा जवळपास शून्य. सगळं चाकांत, मोटरच्या गुंडाळीत आणि एलईडीत जातं. एलईडीला ३ व्होल्ट, २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०६ वॅट. १०८० सेकंदांत ६५ जूल. तीस टक्के पदरात पडतात.

पुढे काय? वजन दुप्पट केलं तर जूल दुप्पट, पण दात्यांवरचा ताणही दुप्पट, आणि गिअर नव्याने बसवावे लागतील. उंची दुप्पट केली तर जूल तितकेच वाढतात आणि ताण आहे तेवढाच राहतो. म्हणून कप्पी आढ्याला नेतोय. उतार ३ मीटर, ४४० जूल, गिअर तेच, अंदाज ३६ मिनिटांचा. तेवढ्यात चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या पितळी बुशांच्या जागी बॉल बेअरिंग घालणार आहे. छोट्या मापाची बेअरिंग कुणी वापरली असतील तर घर्षण किती घटलं, नक्की सांगा.