वॉल्टर टल अपडेट: चेहरा जमला, आता बेस बदलतोय

मंडळी, वॉल्टर टल म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीचा मिश्रवंशीय इंग्लिश फुटबॉलपटू, पुढे आर्मी ऑफिसर; त्याच्या तीन छोट्या फिगर (मॉडेल पुतळे) मी रंगवतोय, आणि एकदाचं त्याच्या चेहऱ्याचं घोडं गंगेत न्हालं! स्पर्स (टॉटनहॅम) आणि नॉर्थॅम्प्टन या त्याच्या क्लबांची किट कधीच रंगवून झाली होती, पण तिन्ही फिगर मुंडक्याविना टेबलावर उभ्या, घरचे येताजाता हसायचे.

प्रॉब्लेम होता त्वचेच्या रंगाचा. वडील बार्बाडोसचे, आई केंटची, म्हणजे बाटलीतला तयार 'फ्लेश' (त्वचेचा रंग) कुठलाच चालत नाही, सगळे गुलाबी गोरे. फोटो बघून ठरवावं तर तेव्हा कॅमेऱ्यात बहुतेक ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा, त्यांना लाल दिसतच नाही, त्यामुळे त्वचेतला तांबूसपणा सगळा काळा उतरतो, गोरे टीममेटसुद्धा उन्हात रापल्यासारखे. नेटवरच्या कलराइज्ड फोटोंबद्दल न बोललेलंच बरं.

मग म्हटलं उलटं करून बघू. टेस्ट हेड रंगवायचं, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटो, गिंप या फोटो एडिटरमध्ये लाल रंगाचा चॅनल उडवायचा, उरलेलं ब्लॅक अँड व्हाइट करून जुन्या टीम फोटोशेजारी ठेवायचं. आधी क्लॅरेट म्हणजे गडद लाल रंगाच्या नमुन्याच्या पट्टीवर ट्राय केलं, जवळजवळ काळा आला, म्हणजे ट्रिक चालतेय! आणि टल एकटा मॅच करायचा नाही, त्याच्यात आणि शेजारच्या खेळाडूत किती फरक दिसतो तो मॅच करायचा, म्हणून एक गोरं मुंडकंही सोबत रंगवलं. फायनल मिक्स: व्हॅलेहो कंपनीचा ऑरेंज ब्राउन आणि फ्लॅट अर्थ, वर कॅमलिन ऑइलच्या बर्न्ट सिएनाची पातळ ग्लेझ (पारदर्शक थर), गालाची हाडं आणि नाकाचा शेंडा येलो ऑकरने उचलला, खालच्या ओठाला किंचित तांबडं. कॅमलिन म्हटलं की लोक नाक मुरडतात, ग्लेझला मला तोच आवडतो, फक्त वाळायला जीव खातो.

एवढा आटापिटा का, तर ह्याच रंगावरून १९०९ मध्ये ब्रिस्टलला प्रेक्षकांनी त्याला घाणेरड्या शिव्या घातल्या, नंतर स्पर्सच्या फर्स्ट टीममधून तो हळूहळू बाहेरच, लीगच्या जेमतेम १० मॅच आणि २ गोल. १९११ ला मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने नॉर्थॅम्प्टनला नेला तिथे मात्र शंभरावर मॅच खेळला. त्याचा चेहरा 'अंदाजे तपकिरी' ठेवून कसं चालेल?

ऑफिसरची फिगर अजून बाकी आहे. मे १९१७ ला सेकंड लेफ्टनंट झाला, तेही आर्मीचे नियम आडवे येत असताना, म्हणजे कफवर एक स्टार हवा. मागवलेला फोटोएच (पातळ धातूच्या बारीक पार्टचा) सेट निघाला कॅप्टनचा, तीन स्टारवाला, दुकानदार परत घेईना. शेवटी त्यातलाच एक कापून चिकटवला, झकास बसला. कफवरची लेस मात्र हाताने रंगवली, सिरीज सेव्हनच्या ट्रिपल झीरो ब्रशने, डोळे फुटायची वेळ आली.

ह्या फिगरच्या पायाखालचा बेस फ्रान्समधल्या फाव्ह्रॉयचा करणार होतो, जिथे २५ मार्च १९१८ ला तो लढताना मारला गेला, लेस्टर फॉस क्लबचा जुना गोलकीपर बिलिंगहॅम त्याला ओढून आणायला धडपडला आणि शेवटी बॉडी मिळालीच नाही. पण हे टाइप करताना वाटतंय पियावे नदीच करावी. जानेवारी १९१८, इटलीत २६ जण घेऊन रात्री नदीपलीकडे शत्रूवर छापा, सगळे सुखरूप परत, जनरल लॉफर्डकडून लेखी शाबासकी. फक्त रात्रीच्या निळ्या उजेडात चेहऱ्याची सगळी मेहनत पाण्यात जाणार! मग निघायच्या आधीची संध्याकाळ करतो, काठावर उभा, तिरपं ऊन. पियावेचं पात्र पांढऱ्या गोट्यांचं, ७५ एमएम उंचीच्या फिगरला शोभतील एवढे बारीक गोटे कुणाला कुठे मिळाले असतील तर सांगा, फिश टँकवाल्याकडचे फार चकाकतात.