ठकीने काढलेला कर

निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की इकडे नाशिकच्या इंदिरानगरात आमची ठकी माझ्या लॅपटॉपवर चढते. एरवी तिला माझ्या कामात काडीचा रस नाही. उन्हाळाभर मोरीच्या फरशीवर पसरलेली असते. पण जानेवारीत घरातल्या सगळ्या उबदार जागा तिला पाठ असतात. आधी राउटर, मग सेट-टॉप बॉक्स, आणि तिथे अंग मावेनासं झालं की माझा कीबोर्ड. मांजराचं अंगच मुळात ३८-३९ अंशांचं. आपण पंखा लावतो तेव्हा कुठे त्याला जरा बरं वाटायला लागतं.

मी जीएसटीची रिटर्न्स भरतो. २० तारीख ही थ्री-बीची, म्हणजे महिन्याच्या रिटर्नची, शेवटची. चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय पार्टीची बोलणी वेगळी. त्या २० तारखेला संध्याकाळी सहाला माझी सात रिटर्न्स बाकी होती. पिंपळगाव बसवंतला कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका अण्णांना लॅपटॉपवरूनच व्हॉट्सॲप केलं, ‘अण्णा, या महिन्याची भरायची रक्कम खाली देतोय.’ आणि रक्कम टाकायच्या आधी हिने चहाला हाक मारली.

चहा अर्धा झाला नाही तोच फोन.

‘साहेब, चव्वेचाळीस लाख?’

‘कसले चव्वेचाळीस लाख?’

‘तुम्हीच टाकलेत ना आत्ता! दुकान विकलं तरी एवढे यायचे नाहीत ओ.’

कप तसाच ठेवून आत पळालो. स्क्रीनवर माझ्या मेसेजखाली ४४४४४४४, पुढे दोन निळ्या टिका. आणि कीबोर्डवर ठकी, डोळे मिटून. एक पाय चारच्या आकड्यावर, दुसरा बहुतेक एंटरवर पडला असणार. बरं, आठ वेळा चार उमटला असता तर अण्णांनी हसून सोडून दिलं असतं. सातच उमटले, म्हणून तो आकडा खरा वाटला. भरायचे होते १८,६४०.

मांजराने केलं म्हणून सांगितलं तर अण्णांना पटेना. शेवटी ठकीचा फोटो काढून पाठवला. त्यावर उत्तर आलं, ‘मॅडमना सांगा, थोडं कमी करा.’

इथवर ठीक होतं. पण तिला उचलायला गेलो तर ती मागे सरकून बसली आणि अख्खी स्क्रीन उलटी झाली. आकडे डोक्यावर उभे. माउस वर नेला तर बाण खाली. सातही रिटर्न्स बाकी! मी लॅपटॉपच उलटा धरून वाचायचा प्रयत्न केला, तेवढ्यात बायको दारात. ती काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

पुण्याला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ‘बाबा, कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबा.’ झाली सरळ. जुन्या लॅपटॉपमध्ये कंट्रोल-ऑल्ट आणि खालचा बाण दाबला की स्क्रीन उलटते म्हणे. मी कीबोर्ड नीट पाहिला तर उजव्या कोपऱ्यात ती तिन्ही बटणं शेजारी-शेजारी. मांजराच्या बुडाला अगदी मापात.

मुलाने आणखी एक सांगितलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या एका माणसाने कीबोर्डवर मांजर चालतंय हे ओळखणारं सॉफ्टवेअर बनवलं, नाव पॉसेन्स. मांजराची बोटं वेगळ्याच तऱ्हेने पडतात, त्यावरून ते कीबोर्ड बंद करतं आणि मांजराला नकोसे आवाज काढतं. त्याला २००० साली इग नोबेल मिळालं, म्हणजे लोकांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाचं बक्षीस. मला अजिबात हसू आलं नाही. त्या माणसाच्या घरीही २० तारीख येत असावी.

मी आपला देशी उपाय केला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून टेबलाच्या कडेला ठेवली. तासभर ठकी तिथे राहते. पाणी निवलं की परत माझ्याकडे.

आता रक्कम अक्षरीही लिहितो, चेकवर लिहितात तशी, शेवटी ‘फक्त’ घालून. ते तिला अजून जमलेलं नाही. फेब्रुवारीत अण्णांना २२,३१० कळवले, अक्षरी, फक्त वगैरे सगळं घालून. दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘ठकीला दाखवलं का?’