दुसरा डीएचसीपी सर्व्हर सापडला, वरच्या मजल्यावर

मंडळी, सापडलं एकदाचं! लाईट जाऊन आली की घरातल्या अर्ध्या मशीनला नेट नाही, अर्ध्यांना आहे, आणि एखाद्या वेळी सगळंच सुरळीत, हे मागच्या अपडेटमध्ये लिहिलेलं, तर त्याचं मूळ राउटरमध्ये नाहीच, वर काकांकडे लावलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये (वर वायफाय देणाऱ्या डब्यात) आहे. डीएचसीपी सर्व्हर म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनना पत्ते वाटणारा, घरात तो एकच हवा, इथे दोन निघाले.

सेटअप तोच. खाली ओपनडब्ल्यूआरटीवाला (राउटरवर टाकायची मोफत सिस्टम) राउटर, त्यात पत्ते वाटायला डीएनएसमास्क नावाचा प्रोग्राम, पूल (वाटायचे पत्ते) 192.168.1.100 ते 249, लीज (दिलेल्या पत्त्याची मुदत) 12 तास. प्रिंटर, एनएएस (फायली ठेवायचा डबा) आणि माझा डेस्कटॉप यांना मॅकवरून (मशीनच्या हार्डवेअर नंबरावरून) 100 च्या खालचे (म्हणजे शेवटचा आकडा) पत्ते बांधून दिलेत. धागा मिळाला तो इथेच. परवा लाईट आली आणि डेस्कटॉपला नेट नाही, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल (विंडोजमध्ये नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड) मारलं तर पत्ता 20 च्या जागी 102. 169.254 वाला पत्ता (कोणी दिला नाही की मशीन स्वतःच घेतं तो) असता तर म्हटलं असतं की कोणी उत्तरच दिलं नाही, पण इथे तर कोणीतरी व्यवस्थित पत्ता दिलेला, आणि खाली डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत 192.168.1.254! गेटवे (नेटवर जायचा रस्ता) पण तोच. माझा राउटर 1 वर आहे, मग हा 254 कोण?

लॉगरीड (राउटरच्या नोंदी) काढला तर राउटर सरळ सांगत होता की बीआर-लॅनवर (घरातल्या नेटवर्कवर) आधीच एक डीएचसीपी सर्व्हर चालू दिसतोय म्हणून मी चालू होत नाही, हवं तर ऑप्शन फोर्स 1 लावा (म्हणजे दुसरा असला तरी चालू हो). ही ओपनडब्ल्यूआरटीची चांगली सवय आहे खरंतर, सर्व्हिस सुरू होताना आधी नेटवर्कवर हाक मारून बघतो की दुसरं कोणी आहे का, आणि असेल तर गप्प बसतो. पण गप्प बसतो ते फक्त पत्ते वाटण्यापुरतं, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) चालू, लूसी (राउटरचं सेटिंगचं पान) उघडतंय, सगळं हिरवं दिसतंय, त्यामुळे राउटरवर संशयच येत नाही.

आता 254. अ‍ॅक्सेस पॉइंटचं डीएचसीपी "ऑटो" वर आहे आणि कंपनीने अ‍ॅपमध्ये ते बंद करायची सोयच ठेवलेली नाही, जे मला अजिबात पटत नाही. ऑटो म्हणजे काय, तर चालू होताना नेटवर्कवर सर्व्हर दिसला नाही तर हा स्वतः पत्ते वाटायला लागतो. लाईट आली की दोघं एकदम उठतात, राउटरला मिनिट-दीड मिनिट लागतं, हा त्याच्या आधी उठतो, कोणी दिसत नाही म्हणून वाटायला बसतो, मग राउटर उठतो, याला बघतो आणि माघार घेतो. कधी राउटर आधी उठला तर सगळं सुरळीत. म्हणून पॅटर्न लागत नव्हता!

पहिला उपाय, फोर्स 1. राउटर आता वाटतो, पण वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे निरोप दाखवणारा प्रोग्राम) फिल्टर डीएचसीपी लावून बघितलं तर एक डिस्कव्हर (पत्ता कोण देतं, ही मशीनची हाक) आणि दोन ऑफर (सर्व्हरची उत्तरं), आणि मशीन सहसा आधी आलेली ऑफर उचलतं. त्यात अ‍ॅक्सेस पॉइंटच्या ऑफरमध्ये ऑप्शन 51 ला (लीजची मुदत, सेकंदांत) 86400, म्हणजे 24 तासांची लीज. मशीन अर्ध्या वेळाला, म्हणजे 12 तासांनी, ज्याने पत्ता दिला त्यालाच फक्त विचारतं, तो गप्प असेल तर 87.5 टक्क्याला, म्हणजे 21 तासांनी, सगळ्यांना विचारतं. म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटने सर्व्हर बंद केला तरी ते मशीन दुसऱ्या दिवसापर्यंत चुकीच्या गेटवेवर अडकून. चुलत भावाचा ऑफिसचा लॅपटॉप असाच अडकायचा, आणि काकू मला खालून बोलवायच्या.

मग ठरवलं डीएचसीपी स्नूपिंगवाला (परक्या सर्व्हरच्या ऑफर अडवणारा) मॅनेज्ड स्विच (केबल जोडायचा, सेटिंग करता येणारा डबा) घ्यायचा, लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) चक्कर मारायचीच होती, केबलपण तिथूनच घेतो (शुद्ध तांब्याची मागा, सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, क्रिंप करताना (टोकाला कनेक्टर बसवताना) हातात तुटतं). पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की स्विच केबलमधून येणारी ऑफर अडवेल, वरच्या वायफायवरचे फोन आणि लॅपटॉप तर थेट अ‍ॅक्सेस पॉइंटलाच बोलतात, त्यांची ऑफर स्विचपर्यंत येतच नाही. स्विच रद्द.

राउटर बंदच होऊ द्यायचा नाही, हे सोपं. मित्राचा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस आणून राउटरला लावला, मेन पाडला, परत चढवला, अ‍ॅक्सेस पॉइंट उठला, त्याला राउटर दिसला आणि तो गप्प बसला. डेस्कटॉप 20 वर, वरचा लॅपटॉप पूलमधल्या पत्त्यावर, गेटवे 1. वरून प्रिंटर डॉट लॅन टाकलं आणि प्रिंटरचं पान उघडलं, काय भारी वाटलं! फायबरचा डबा यूपीएसवर नसला तरी चालतो, घरातले पत्ते त्याच्यावर अवलंबून नाहीत. फक्त विकत घेताना "सगळ्या राउटरला चालतो" वर जाऊ नका, अ‍ॅडॅप्टरवरचे अँपिअर वाचा आणि पिन बघा, 5.5 बाय 2.1 आणि 5.5 बाय 2.5 मिलिमीटर दिसायला सारख्याच असतात.

तरी तो अ‍ॅक्सेस पॉइंट तिथे ठेवायचा नाहीये मला. जुना राउटर पडलाय, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालतं, त्याचं डीएनएसमास्क बंद करून, 100 च्या खालचा पक्का पत्ता देऊन, लॅन पोर्टमधून लॅन पोर्टला जोडून वर लावतो. कॅमेऱ्यांचा व्हीलॅन (त्यांच्यापुरतं वेगळं नेटवर्क) त्यानंतर. कुणी डंब एपीवर (पत्ते न वाटणाऱ्या नुसत्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर) 802.11आर (चालता चालता फोनला एका वायफायवरून दुसऱ्यावर पटकन नेणारी सोय) चालवलं असेल तर सांगा, काका फोनवर बोलत बोलत जिना उतरतात.