नायट्रेट म्हणजे नेमकं कुठलं नायट्रेट?

गेले तीन महिने माझं निम्मं काम एकाच गोष्टीवर चाललंय, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या डेटामधल्या मोजमापांची नावं एकमेकांशी जुळवायची. समुद्राचा डेटा, हवेचा डेटा, नदीच्या पाण्याचे सॅम्पल, सॅटेलाइट, मॉडेलचं आउटपुट, सगळंच. लांबून बघणाऱ्याला हे कारकुनी वाटतं, एका कॉलममध्ये त्यांचं नाव, शेजारी आपलं नाव, की झालं. मीसुद्धा सुरुवातीला पंधरा दिवसांत होईल असं सांगून बसले होते. नाही झालं, आणि का नाही झालं ते नीट लिहून ठेवावंसं वाटतंय.

सुरुवात नायट्रेटपासून करते कारण डोळे उघडले ते तिथेच. दोन फाईली होत्या, एक जुन्या वर्षांची, एक नंतरची, दोन्हीत कॉलमचं नाव नायट्रेट, दोन्हीत युनिट मिलिग्रॅम प्रति लिटर. नाव तेच, युनिट तेच, म्हणून जोडून टाकल्या. ग्राफ काढला तर दुसरी फाईल जिथे सुरू होते तिथून आकडे एकदम चौपटीच्या वर. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाही, भीतीच वाटण्यासारखी गोष्ट आहे, की टीममध्ये लगेच त्याची कारणंही निघायला लागली, खतांचा वापर वाढला असेल, सांडपाणी सोडायला लागले असतील. सगळी कारणं पटण्यासारखी. आणि खरं कारण एवढंच होतं की पहिल्या लॅबने फक्त नायट्रोजनचं वजन लिहिलं होतं आणि दुसऱ्या लॅबने अख्ख्या नायट्रेटचं. नायट्रोजनचा अणुभार १४, नायट्रेटचा रेणूभार ६२, भागाकार केला की ४.४३. ग्राफमधली उडी बरोबर तेवढीच होती.

हा फरक फक्त आमच्या फाईलीतला नाही बरं का. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा आहे ५० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि अमेरिकेतली मर्यादा आहे १०. वाचणाऱ्याला वाटेल की अमेरिकेचा नियम पाचपट कडक आहे. तसं नाही. ५० हे नायट्रेट म्हणून मोजलेले आहेत आणि १० हे नायट्रोजन म्हणून, आणि ५० चं रूपांतर केलं तर साधारण ११.३ येतात. म्हणजे जवळपास तेच.

तर असं होऊ नये म्हणूनच कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी असतात, ठरवून दिलेल्या नावांच्या याद्या, की प्रत्येकाने मनाला येईल ते नाव न लिहिता यादीतलंच लिहायचं आणि यादीत प्रत्येक नावाची व्याख्या असते. अडचण ही की अशी यादी एक नाहीये. हवामान आणि मॉडेलवाले सीएफ (क्लायमेट अँड फोरकास्ट) स्टँडर्ड नेम्स वापरतात. डेटासेट शोधायला नासाचे जीसीएमडी कीवर्ड्स आहेत. समुद्रावर काम करणाऱ्यांची, ब्रिटिश ओशनोग्राफिक डेटा सेंटर सांभाळतं ती पी०१ नावाची यादी आहे, ४०,००० च्या वर नावं असलेली, प्रत्येकाला आठ अक्षरांचा कोड. हवामान खाती आकडे साठवायला वापरतात त्या ग्रिब नावाच्या फाईल प्रकाराचे कोड टेबल वेगळे. मॉडेल एकमेकांना जोडणाऱ्यांची सीएसडीएमएसची यादी अजून वेगळी, तिच्यात आधी वस्तू आणि मग तिचा गुण अशी नावं रचलेली असतात.

"सगळ्यांनी मिळून एकच यादी का नाही करत" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. आता वाटत नाही, कारण या याद्या एकाच कामासाठी केलेल्याच नाहीत. जीसीएमडीचं काम शोधायला मदत करणं. अर्थ सायन्स, त्याखाली ओशन्स, त्याखाली ओशन टेम्परेचर, त्याखाली सी सरफेस टेम्परेचर, अशा पायऱ्या उतरत माणूस हव्या त्या डेटासेटपर्यंत पोचतो. तिथे नाव थोडं ढोबळ असलेलंच बरं, फार बारीक केलं तर शोधणाऱ्याला काही सापडणारच नाही. सीएफचं काम वेगळं, दोन फाईलींमधले आकडे एकमेकांतून वजा करायला चालतील का हे सांगणं. तिथे ढोबळ नाव म्हणजे धोका. आणि पी०१ मध्ये तर कधीकधी मोजायची पद्धतसुद्धा नावातच असते, कुठल्या उपकरणाने मोजलं, कुठल्या सूत्राने काढलं, सगळं. लायब्ररीतला विषयाचा फलक आणि बाटलीवरचं लेबल, दोन्हींवर शब्द एकच असला तरी ती एक गोष्ट होत नाही.

वाऱ्याची दिशा घ्या. हवामानवाले वारा कुठून येतो ते सांगतात, समुद्रातल्या प्रवाहाची दिशा मात्र तो कुठे जातो अशी सांगायची पद्धत आहे. सीएफमध्ये वाऱ्यासाठीसुद्धा 'विंड फ्रॉम डायरेक्शन' आणि 'विंड टू डायरेक्शन' अशी दोन वेगळी नावं आहेत, आणि कुणाच्या फाईलीत नुसतं 'विंड डायरेक्शन' असेल तर १८० अंशांचा घोळ पोटात घेऊन ती फाईल शांत बसलेली असते, कुठलाही चेक तिला पकडत नाही कारण ० ते ३६० मधला प्रत्येक आकडा वैधच असतो. पावसाचंही तसंच, कुणी ठरावीक काळात जमलेलं पाणी देतं, कुणी दर सेकंदाचा दर देतं. एका चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर हे सोपं, पण दर आणि बेरीज यांच्यामध्ये काळ असतो आणि तो नावात कुठेच नसतो.

समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान हा तर माझा आवडता विषय. पृष्ठभाग म्हणजे किती खोल? इन्फ्रारेड सॅटेलाइट बघतो ती पाण्याची अगदी वरची कातडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी जाड. मायक्रोवेव्हवाला साधारण मिलिमीटरभर खोलवरचं बघतो. तरंगता बॉय, म्हणजे उपकरण बसवून समुद्रात सोडलेला तराफा, वीतभर खाली मोजतो आणि जहाजाच्या इंजिनाला पाणी घेतात तिथला थर्मामीटर काही मीटर खाली असतो. वरची कातडी खालच्या पाण्यापेक्षा अंशाच्या एकदोन दशांशाने थंड असते, आणि वारा पडलेला असेल, ऊन कडक असेल, तर दुपारी वरचं पाणी खालच्यापेक्षा चांगलं अंश-दोन अंशांनी तापू शकतं. सीएफने यासाठी स्किन (कातडी), सबस्किन (तिच्या लगेच खालचं), फाउंडेशन (दिवसाच्या उन्हाने न तापलेलं खालचं पाणी) अशी वेगवेगळी नावं केलीत. मग कीवर्डमधलं एकच सी सरफेस टेम्परेचर यातल्या कुणाशी जुळवायचं? सगळ्यांशी, पण 'हे त्याच्यात येतं' या नात्याने, 'हे तेच आहे' या नात्याने नाही.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं.

नावं जुळवताना जे नातं लिहायचं त्यासाठी स्कॉस नावाचं स्टँडर्ड आहे, वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००९ मध्ये पक्कं केलेलं. त्यात एक्झॅक्ट मॅच (हे तेच आहे) आहे, क्लोज मॅच (जवळपास तेच) आहे, ब्रॉड आणि नॅरो मॅच (एक दुसऱ्यापेक्षा व्यापक किंवा बारीक) आहेत. बहुतेक मॅपिंगच्या, म्हणजे नावं जुळवलेल्या, फाईली उघडल्या, माझी स्वतःची पहिली फाईल धरून, तर खाली खालपर्यंत एक्झॅक्ट, एक्झॅक्ट, एक्झॅक्ट. कारण ते लिहायला सोपं आहे आणि काम पूर्ण झाल्यासारखं दिसतं. पण एक्झॅक्ट मॅच ही साखळी आहे. अ आणि ब तेच, ब आणि क तेच, असं लिहिलं की कॉम्प्युटर स्वतःहून अ आणि क तेच असं धरतो, तो अधिकार त्या स्टँडर्डनेच दिलाय. क्लोज मॅचला तो अधिकार मुद्दाम दिलेला नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगते. क्लायमेट मॉडेलच्या डेटात 'टास' नावाचं व्हेरिएबल असतं, जमिनीजवळच्या हवेचं तापमान. त्याचं सीएफ नाव काय, तर नुसतं एअर टेम्परेचर, आणि उंची २ मीटर ही नावात नसून फाईलीत बाजूला वेगळी लिहिलेली असते. हवामानाचे अंदाज करणाऱ्या युरोपियन सेंटरच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) यादीत मात्र '२ मीटर टेम्परेचर' हे आख्खं स्वतंत्र नाव आहे, कोड १६७, उंची नावाच्या पोटातच. आता कुणीतरी घाईत लिहिलं की टास म्हणजे एअर टेम्परेचर, एक्झॅक्ट. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये, फुग्याला बांधून वर सोडलेल्या रेडिओसोंडचं तापमान म्हणजे एअर टेम्परेचर, एक्झॅक्ट. दोघंही आपापल्या जागी फार चुकलेत असं वाटत नाही. पण दोन्ही फाईली एकत्र आल्या की जमिनीपासून २ मीटरवरचं तापमान आणि १० किलोमीटर वरचं तापमान ही एकच गोष्ट झाली, आणि कुणालाही काही दिसलं नाही. न जुळवलेलं नाव निदान रिकामं दिसतं, कुणीतरी विचारतं. चुकीचं एक्झॅक्ट मात्र कुणी विचारत नाही, ते तसंच पुढे जातं.

म्हणून आता मी नाव नावाशी जुळवतच नाही, आधी ते फोडते. रिसर्च डेटा अलायन्समधल्या एका गटाने आय-अडॉप्ट म्हणून एक पद्धत बांधलीय, त्यात प्रत्येक मोजमापाचे भाग पाडायचे, कुठला गुण मोजला, कशाचा मोजला, ती गोष्ट कशात होती, आणि कुठल्या अटी लागू आहेत. नायट्रेटची ओळ फोडली की गुण म्हणजे प्रमाण, पण लिटरमागे की किलोमागे? समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, लिटरला साधारण १.०२५ किलो, म्हणजे इथेच अडीच टक्के गेले. मग कशाचं, नायट्रेटचं, पण वजन नायट्रोजनचं लिहिलंय की सगळ्याचं? कशात, नदीच्या पाण्यात की समुद्राच्या? अट, गाळलेलं होतं की नव्हतं? असे प्रश्न एकेक करून विचारले की दोन नावं कुठल्या भागात सारखी आहेत आणि कुठल्या भागात वेगळी हे आपोआप दिसतं, आणि मग एक्झॅक्ट की क्लोज यावर वाद घालत बसावं लागत नाही. वेळ मात्र जातो. एका नावाला कधी अर्धा दिवस. मला तो वेळ वाया गेलेला वाटत नाही आणि ज्यांना वाटतो त्यांना मी तो ४.४३ वाला ग्राफ दाखवते.

याद्यासुद्धा बदलत असतात हे विसरू नका. सीएफमध्ये जुनं 'सॉइल मॉइश्चर कंटेंट' होतं, त्याचं आता 'मास कंटेंट ऑफ वॉटर इन सॉइल' झालंय आणि जुनं नाव अलायस, म्हणजे पर्यायी नाव, म्हणून ठेवलंय, हे त्यांनी फार चांगलं केलं कारण जुन्या फाईली वाऱ्यावर सोडल्या नाहीत. आपल्या मॅपिंगच्या प्रत्येक ओळीसमोर यादीचं व्हर्जन आणि तारीख लिहा, आणि कुणी ठरवलं आणि कशावरून ठरवलं तेसुद्धा. नंतर येणाऱ्याला निर्णयापेक्षा कारण जास्त उपयोगी पडतं.

एक ओळ गेले सहा आठवडे अडली होती. परत नायट्रेटच, समुद्राचं. पाणी कॅडमियमच्या कॉलममधून सोडून मोजायची जुनी पद्धत आहे, तिच्यात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि मग सगळं नायट्राइट मोजलं जातं, म्हणजे मिळतो तो आकडा दोघांच्या बेरजेचा, त्यातून आधीचं नायट्राइट वेगळं मोजून वजा करावं लागतं. फाईलीत वजा केलंय की नाही हे लिहिलेलंच नव्हतं. मी ती ओळ क्लोज मॅच ठेवली आणि डेटा ज्यांनी गोळा केला त्यांना मेल केला. दोनदा उत्तर आलं नाही, तिसऱ्यांदा तिथल्या एका मॅडमनी स्वतः बसून जुन्या लॅबच्या वह्या काढल्या, मला पानांचे फोटो पाठवले. पहिल्या वह्यांमध्ये नायट्राइटचा वेगळा कॉलम आहे आणि वजाबाकीही केलेली आहे, हाताने, पेन्सिलीने. एका तारखेनंतर तो कॉलम बंद झालाय. सीएफमध्ये या दोन्हींसाठी वेगवेगळी नावं आहेत, एक नुसत्या नायट्रेटचं, एक नायट्रेट आणि नायट्राइट मिळून. त्यामुळे काल संध्याकाळी त्या एका ओळीच्या मी दोन ओळी केल्या, दोन्हींसमोर तारखा टाकल्या, कारणाच्या कॉलममध्ये वहीच्या पानांचे नंबर लिहिले, आणि दोन्ही ठिकाणी एक्झॅक्ट केलं.