ती तिसरी पायरी

घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणून मी आधी कागदपत्रांच्या मागे लागलो. दोन महिन्यांत हाती दोन तारखा. मग कंटाळून वही उघडली आणि मला स्वतःला जे आठवतं तेच लिहायला बसलो.

पहिल्याच पानावर जुनं घर उतरलं. अंधारा जिना, त्याची मोडकी तिसरी पायरी, ती चुकवत चढणारा मी. आत्याला वाचून दाखवलं तर ती हसायलाच लागली. "अरे, ते घर सोडलं तेव्हा तुला वर्षही झालं नव्हतं!" मोठेपणी सहसा वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीचं काही आठवत नाही, हे मला माहीत होतं. तरी ती पायरी पायाखाली जाणवत होती. इतक्यांदा ऐकली होती.

त्या दिवसापासून समासात खुणा करू लागलो. पाहिलेलं असेल तर 'पा', ऐकीव असेल तर 'ऐ' आणि पुढे सांगणाऱ्याचं नाव. वही 'ऐ'नेच भरली. जरा हिरमुसलो, पण कुणाकुणाला गाठायचं याची यादी आपोआप तयार झाली.

सुरुवात आत्यापासूनच. फोनवर रेकॉर्डिंग लावलं, आधी तारीख बोललो. "तुझं लहानपण कसं होतं?" "चांगलं होतं." संपलं! मग विचारलं, "सकाळी सगळ्यांत आधी कोण उठायचं?" त्यावर ती ४० मिनिटं बोलली. ते कागदावर उतरवायला मात्र अख्खी दुपार गेली, कारण तिचे शब्द मला सुधारायचे नव्हते.

नावांसाठी १५९० साली मिखाएल आयत्सिंगर यांनी छापलेली क्रमांकांची पद्धत घेतली. मी १, वडील २, आई ३. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. पणजोबा-पणज्या ८ ते १५. त्यांतले ९, ११, १३, १५ हे विषम आकडे, म्हणजे सगळ्या पणज्या, कोऱ्या राहिल्या.

९ म्हणजे आजोबांची आई. आत्याला तिचं नाव आठवेना. "आम्ही मोठी आई म्हणायचो. ती पायरी मोडली ना, ती तिच्याच शिलाई मशीननं. वर चढवताना हातातून सुटलं."

९च्या चौकटीत लिहिलं: मोठी आई. शिलाई मशीन होतं. ऐ, आत्या.